सावामुराचा हात

जपानी बेसबॉलचा इतिहास चाळतांना एजी सावामुराच्या नांवापाशीं आम्ही थबकतों. २० नोव्हेंबर १९३४ रोजीं शिझुओका येथें या सतरा वर्षांच्या गोलंदाजानें बेब रूथ, लू गेरिग यांसह चार अमेरिकन धुरंधर ओळीनें बाद केले. तरी गेरिगच्याच टोल्यानें सामना १-० असा गेला. कीर्ति मात्र या पराभवानेंच झाली, हें विशेष!

१९३६ सालीं प्रतिपक्षास एकही यशस्वी फटका न देतां व्यावसायिक सामना जिंकणारा तो पहिला जपानी ठरला. मग सैन्याचें बोलावणें आलें. हातबॉम्ब फेकून खांदा अधू झाला. वेग गेला, तरी १९४० मध्यें केवळ अचूकपणाच्या बळावर त्यानें तोच पराक्रम तिसऱ्यांदा केला. आमच्या मतें हाच त्याचा थोर विजय. पुढें संघानें त्यास कमी केलें. डिसेंबर १९४४ मध्यें सैनिकांची नौका पाणबुडीनें बुडविली, तींत तो गेला. वय अवघें सत्तावीस.