‘कोंबुचा’ पेयाचा मूळशोध

साखर घातलेला चहा आंबवून सिद्ध होणारें ‘कोंबुचा’ नांवाचें आंबटगोड पेय हल्लीं पुण्यामुंबईच्या दुकानांतून बाटल्या भरून विकलें जातें, आणि त्याची स्तुति करणारे त्यास दोन हजार वर्षांचें वय बहाल करितात. औषधी गुणांची ग्वाही पुष्कळदां या वयावरूनच दिली जाते. पुरातन म्हणून गुणकारी, व पुरातन म्हणून निर्धोक, असा या अनुमानाचा क्रम आहे. यास्तव त्या वयाचा दाखला तपासणें हें नुसत्या कुतूहलाचें काम नव्हे.

प्रचलित कथा दोन. पहिली अशी कीं, ख्रिस्तपूर्व २२१ च्या सुमारास छिन् वंशाच्या अमदानींत हें ‘अमृत’ चीनमध्यें प्यालें जाई. दुसरी अशी कीं, इ. स. ४१४ मध्यें कोरियाच्या ‘कोंबु’ नामक वैद्यानें तें जपानांत नेलें, इंग्यो राजाची व्याधि त्या योगें हटविली, आणि वैद्याच्या नांवावरून पेयास नांव मिळालें.

दुसरीपासून आरंभ करूं. कारण तिच्या मागें निदान जुन्या ग्रंथांचा कांहीं अंश आहे. ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) व ‘निहोन शोकी’ (इ. स. ७२०) या जपानच्या दोन आद्य इतिहासग्रंथांत, सिल्ला या कोरियन राज्यांतून आलेल्या वैद्यानें इंग्यो राजास बरें केलें, ही वार्ता खरोखरच आहे. कोजिकींत त्याचें लांबलचक नांवहि दिलें असून त्याचा आरंभ ‘कोन्’ किंवा ‘कोमु’ असा वाचतात. परंतु चहाचा अथवा कोणत्याहि आंबवणाचा तेथें उल्लेख नाहीं. जपानांतील चहापानाची पहिली विश्वसनीय नोंद इ. स. ८१५ ची, एइचू नामक भिक्षूनें सागा राजास चहा करून दिल्याची ती आहे. वैद्य व चहा यांत अशीं चार शतकें पडतात! शिवाय जपानी भाषेंत ‘कोंबु’ ही समुद्रांतील एक खाद्य वनस्पति, आणि ‘कोंबुचा’ हें तिच्यापासून केलेलें निराळेंच पेय. आंबवलेल्या चहास जपानी लोक ‘कोचा किनोको’, म्हणजे चहाचें अळंबें, असें म्हणतात. पाश्चात्त्यांनीं एका पेयाचें नांव दुसऱ्यास लाविलें, आणि मग त्या नांवाची उपपत्ति लावण्यासाठीं ‘कोंबु’ वैद्य निर्माण झाला, असा आमचा तर्क आहे. गांवाच्या नांवावरून ऋषि कल्पिणाऱ्या आमच्या स्थलमाहात्म्यकारांस ही रीत नवी नाहीं.

चिनी कथेस असा अर्धामुर्धा आधारहि सांपडत नाहीं. चहा चीनमध्यें प्राचीन आहे यांत संशय नाहीं, इ. स. पूर्वीं १४१ मध्यें मरण पावलेल्या हान् वंशीय जिंग राजाच्या समाधिस्थानांतील वनस्पति चहाचीच असल्याचें इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें. पण प्रश्न चहाचा नसून आंबवलेल्या गोड चहाचा आहे. हल्लीं याला जो काळा चहा वापरतात, तो फुकियेन प्रांतांतील वुयी पर्वतांत सतराव्या शतकाच्या सुमारास सिद्ध होऊं लागला. आणि साखर? ती पाकविण्याची उत्तम रीत शिकण्यासाठीं थांग वंशाच्या ताइझुंग राजानें इ. स. ६४७ मध्यें आपल्या मगधांत माणसें धाडिलीं, असें चिनी इतिहासच सांगतो. साखरेच्या जागीं मध घालतां येतो हें मान्य. परंतु मध घालून असें पेय केल्याचा छिन्‌कालीन लेख ही कथा सांगणारा कोणी दाखवीत नाहीं. मूळ नसलेलें कांहीं लिहावयाचें नाहीं ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा येथेंहि पाळावयास हवी.

भक्कम जमीन लागते ती थेट विसाव्या शतकांत. इ. स. १९१३ मध्यें जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडाऊ यानें बाल्टिक प्रदेशांतील मिटाऊ (सांप्रतचें लाट्वियांतील येल्गावा) येथील नमुन्याचें वर्णन करून त्यास ‘मेडुसोमायसेस गिसेवी’ असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं रशियांत बाचिन्स्काया या विदुषीनें ‘चहाच्या क्वासा’च्या प्रसारावर लेख प्रसिद्ध केला. म्हणजे तोंवर हें पेय रशियन साम्राज्यांत घरोघर पोंचूं लागलें होतें. तें पूर्वेकडून आलें असणें संभवनीय आहे, आणि रूस-जपान युद्धांतून (१९०४-०५) परतलेल्या शिपायांनीं तें आणिलें अशी आख्यायिकाहि आहे. पण ती आख्यायिकाच.

लिंडाऊनें ज्यास एकच जीव मानिलें, तें वस्तुतः किण्व व आम्लकारक जंतु यांचें सहजीवन आहे. किण्वें साखर फोडून अल्पसें मद्य करितात. जंतु त्याचें आम्ल करितात आणि पृष्ठभागावर तंतूंची जाड साय विणतात. अशी साय विणणारा जंतु एड्रियन ब्राउन यानें इ. स. १८८६ मध्येंच वर्णिला होता.

घरीं करण्याची रीत दह्याच्या विरजणासारखी सोपी आहे. एक शेर-सव्वाशेर (सुमारें एक लिटर) पाण्यांत ५ ते ८ ग्रॅम चहा व ५० ते १०० ग्रॅम साखर घालून उकळावें व गाळावें. कोमट नव्हे, पूर्ण निवल्यावर कांचेच्या बरणींत ओतून मागल्या पेयाचा दशांश व साय विरजण म्हणून घालावी, तोंडास दादरा बांधावा, आणि सात ते दहा दिवस सांवलींत ठेवावें. पितळी, तांब्याचें वा शिशाच्या झिलईचें भांडें सर्वथा वर्ज्य. आम्ल धातु विरघळवितें. सायीवर हिरवी-काळी बुरशी केसाळ दिसली तर सर्व फेंकून द्यावें, वरवर पुसून पिऊं नये.

गुणांविषयीं बोलावयाचें तर, अर्न्स्ट यानें इ. स. २००३ मध्यें उपलब्ध पुरावा चाळून मनुष्यावरील परिणामकारकतेस आधार नसल्याचा निर्णय दिला. त्यानंतर इ. स. २०२३ मध्यें मधुमेहाच्या अवघ्या बारा रुग्णांवरील प्रयोगांत चार आठवड्यांनीं उपाशीपोटींची रक्तशर्करा सरासरी १६४ वरून ११६ वर आली. आशा वाटावी इतकें हें आहे, ग्वाही द्यावी इतकें नाहीं. उलट इ. स. १९९५ मध्यें अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हें पेय रोज पिणाऱ्या दोन स्त्रियांस रक्तांतील आम्ल वाढून भयंकर विकार झाला व एक दगावली. कारण पेयच, असें मात्र सिद्ध झालें नाहीं. गर्भवतींनीं व क्षीण प्रकृतीच्या माणसांनीं घरचें आंबवण टाळावें हेंच बरें.

आपल्याकडील वैद्यकग्रंथांशीं याचें नातें लावण्याचा मोह संग्राहकांस होईल. चरकानें चौऱ्यायशीं आसव सांगितले आहेत, भावप्रकाशांत संधानवर्ग आहे, कौटिल्याच्या सुराध्यक्ष प्रकरणांत किण्व करण्याचें प्रमाण आहे. कांजिक व शुक्त हीं तर आंबवणाचीं सख्खीं भावंडें. तथापि यांत चहा कोठेंहि नाहीं. जुन्या बाडांत ‘कांजी’ची कृति आढळली तर ती तांदुळाच्या पेजेची किंवा धान्याची समजावी, आणि सूचींतहि तशीच लिहावी.