बडोदे संस्थान : अर्थव्यवहार, कारागिरी आणि राज्यकारभार

संस्थानांचा इतिहास बहुधा राजवाडे, दरबार आणि मिरवणुका यांच्या वर्णनात संपतो. परंतु राज्य म्हणजे केवळ सिंहासन नव्हे. रयत काय पिकविते, कारागीर काय घडवितो आणि जमा झालेला पैसा कोणाच्या संमतीने खर्च होतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच राज्याचे खरे स्वरूप कळते. या दृष्टीने बडोद्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

गायकवाडांचे राज्य सुमारे आठ हजार चौरस मैलांचे. पण ते सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार प्रांत ब्रिटिश मुलखात व इतर संस्थानांत विखुरलेले होते. इ. स. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बालक दत्तक येऊन सयाजीराव तिसरे या नावाने गादीवर बसला. त्यांच्या अज्ञानकाळात दिवाण टी. माधवराव यांनी सारावसुलीतील जुनी इजारापद्धती मोडून कारभाराला शिस्त आणली. १८८१ मध्ये महाराजांनी सूत्रे हाती घेतली.

राज्याचा मुख्य आधार शेती. तो किती डळमळीत होता, हे १८९९-१९०० च्या 'छप्पनिया' दुष्काळाने दाखविले. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे चोवीस लाख असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. केवळ पावसावर विसंबून राज्य तगणार नाही, हा त्या आकड्यांचा कठोर अर्थ होय.

या भूमीत कारागिरीची परंपरा मात्र समृद्ध होती. पाटणचे साळवी पटोळे विणीत. त्यात ताणा व बाणा या दोहोंचे रेशीम विणण्यापूर्वीच बांधून रंगवावे लागते. गणित किंचित चुकले तरी नक्षी विस्कटते. हे वस्त्र पूर्वी जावा-सुमात्रापर्यंत जात असे. संखेड्याचे खरादी सागाचे लाकूड कातून त्यावर लाखेचे रंग चढवीत. परंतु अशा कौशल्यावर मोजकीच घराणी पोसली जात. म्हणून परंपरेला शास्त्राची जोड देण्यासाठी १८९० मध्ये कलाभवन निघाले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे शिल्पकार. दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे १९०७ मध्ये अलेंबिक कारखाना आणि १९०८ मध्ये बँक ऑफ बरोडा स्थापन झाली.

राज्यपद्धतीत मात्र ही गती आढळत नाही. १९०८ मध्ये धारासभा आली. पण तिचे अधिकार मुख्यतः सल्ल्यापुरतेच राहिले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण (१८९३ मध्ये अमरेली तालुक्यात, १९०६ मध्ये सर्व राज्यात) आणि बालविवाहप्रतिबंध (१९०४) हे कायदे राजाच्या इच्छेने आले. राजा सुज्ञ होता म्हणून ते हितकर ठरले. पण हित करणारा एक आणि हित स्वीकारणारे अनेक, अशी रचना राजाच्या पश्चात कोणाच्या बळावर टिकणार?

या प्रश्नाचे अंशतः उत्तर त्याच राज्यात सापडते. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रंथालयांची योजना सुरू झाली. तिचा नियम साधा होता : गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी. येथे प्रजा केवळ याचक नव्हती, भागीदार होती. धारासभेने जे दिले नाही, ते गावच्या वाचनालयाने थोड्या प्रमाणात दिले. आपल्या पैशाचा हिशेब मागण्याची आणि देण्याची सवय तेथे लागली.

१९३९ मध्ये सयाजीराव निवर्तले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. राजसत्ता गेली, मुद्रा गेली, दरबार गेला. पाटणात मोजक्या घरांत पटोळे अजून विणले जाते आणि संखेड्याचे लाकूड अजून रंगते. संस्था मात्र तेथेच तगतात, जेथे लोकांनी आपला वाटा आधी घातलेला असतो. शतक ओलांडणाऱ्या कोणत्याही ग्रंथालयाच्या आयुष्याचे मर्म याहून वेगळे नाही.