दरबारी वकिलीची कुळकथा: नाशिक ते दिल्ली

दोन सत्तांचा तह झाला की एकीने आपला विश्वासू माणूस दुसरीच्या दरबारात कायमचा ठेवायचा आणि फौज, पैसा, तिसऱ्या सत्तेशी चालणारी बोलणी यांबाबत त्याच्यामार्फत आधी सल्लामसलत करायची, ही रीत मराठी राज्यात अठराव्या शतकात रुजली. या माणसाला वकील म्हणत. वकील शिवकाळातही होते. १६५९ मध्ये अफझलखानाशी बोलणी करायला पंताजी गोपीनाथ गेले होते. पण ते वकील कामापुरते जात आणि काम उरकले की परतत. परमुलखात घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा वकील ही पुढची गोष्ट, आणि तिचा उगम नाशिकच्या एका उपाध्याय घराण्यात सापडतो.

इटलीत हा बदल पंधराव्या शतकात झाला होता. मिलानच्या स्फोर्झाने निकोदेमो त्रांकेदिनी याला फ्लोरेन्समध्ये वर्षानुवर्षे ठेवले. १४५४ च्या लोदी येथील तहानंतर तेथील राज्यांनी आपसात संघ केला आणि कायम वकील ठेवण्याची चाल इटलीभर पसरली. दख्खनेत ती पोहोचली ती इटलीकडे पाहून नव्हे. तिचे कारण इथल्याच एका तहात होते.

१७१८ मध्ये दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेनअली आणि छत्रपती शाहू यांच्यात करार ठरला. मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी आणि स्वराज्याचा मुलूख मिळायचा होता. त्या बदल्यात सुभेदाराच्या दिमतीला १५ हजार स्वार आणि बादशहाला दरसाल १० लाखांची पेशकश द्यायची होती. सनदांवर बादशाही मोहोर उमटवून घेण्यासाठी पेशवे बाळाजी विश्वनाथ फौजेनिशी दिल्लीला गेले. तिथे फर्रुखसियर पदच्युत झाला, शहरात दंगल उसळली आणि तीत नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू मारले गेले. सनदा मिळाल्या त्या मार्च १७१९ मध्ये, नव्या बादशहाकडून. मोगलांच्या कैदेतल्या शाहूंच्या मातोश्री येसूबाईंची सुटकाही झाली.

खरी अडचण पुढेच होती. त्या एका वर्षात दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले. एकाने दिलेला कागद दुसऱ्याने मानावा, वजीर बदलला तरी चौथाईचे कलम बदलू नये, आणि पंधरा हजार स्वार कोणाविरुद्ध व कधी लागणार याची खबर आधी मिळावी, यासाठी दिल्लीत माणूस हवाच होता. शिलेदार ठेवला असता तर संशय आला असता. कारकून ठेवला असता तर त्याला बड्या घरांत कोणी उभे केले नसते. बाळाजी विश्वनाथांबरोबर गेलेले महादेवभट हिंगणे मात्र पेशव्यांचे नाशिकचे तीर्थोपाध्याय होते, आणि दिल्लीची वकिली त्यांच्याकडे आली.

उपाध्यायाची ही निवड आज अजब वाटली तरी ती विचारपूर्वक केलेली दिसते. नाशिक तेव्हा मोगली कागदांत गुलशनाबाद होते, म्हणजे महादेवभटांना मोगली अंमल घरबसल्या परिचयाचा होता. क्षेत्रोपाध्यायाचा व्यवसायच मुळी माणसे ओळखण्याचा आणि लक्षात ठेवण्याचा. यजमानांच्या पिढ्यांची नोंद असलेली नामावळी हे त्याचे भांडवल. काशी, प्रयाग, मथुरा इथल्या ब्राह्मणवर्गाशी त्याचे धागे जुळलेले असत, आणि यात्रेच्या वाटेवर त्याला कोणी हटकत नसे. हिंगण्यांनी याला सावकारीची जोड दिली. दिल्लीत पैसा उभा करणे, हुंड्या वटवणे आणि खंडणीचा तगादा लावणे ही कामे एकाच पेढीवरून होऊ लागली. महादेवभटांच्या पश्चात बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनी वकिली चालवली. पुढे पुरुषोत्तम महादेवांचे पुत्र गोविंदराव यांनीही ती सांभाळली.

वकिलाचा दिवस बातमीत जाई. दरबारच्या हकिकतीचे अखबार मिळवायचे, वजीर आणि बक्षी यांच्या देवड्या झिजवायच्या, कोणाची फौज कुठे निघाली ते टिपायचे आणि जासुदाबरोबर पत्र रवाना करायचे. उत्तर यायला आठवडे लागत. तेवढ्यात परिस्थिती पालटलेली असे. त्यामुळे धन्याने न दिलेला शब्द देणे आणि संधी हातची घालवणे, या दोहोंमध्ये त्याला रोज निवड करावी लागे. पुण्याहून पाहणाऱ्यांना तो कधी अतिशहाणा वाटे, कधी नादान. दिल्लीतच फौज घेऊन बसलेले अंताजी माणकेश्वर आणि हिंगणे यांचे वैर विकोपाला गेले होते. दोघेही एकमेकांविरुद्ध पेशव्यांकडे लिहीत.

या रीतीची खरी परीक्षा १७५२ मध्ये झाली. अफगाणांचा बादशहा अहमदशहा अब्दालीने लाहोर घेतले होते. वजीर सफदरजंगाने एप्रिलमध्ये शिंदे-होळकरांशी करार केला. बादशहाचे घरच्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करण्याची हमी मराठ्यांनी घेतली. त्याबद्दल ५० लाख रुपये ठरले, त्यांतले ३० लाख केवळ अब्दालीच्या बंदोबस्तासाठी होते. शिवाय पंजाब, सिंध व अंतर्वेदीची चौथाई आणि आग्रा व अजमेरची सुभेदारी मिळायची होती. दख्खनच्या सत्तेने सिंधूपर्यंतच्या संरक्षणाची जबाबदारी लेखी स्वीकारली, हे या करारामागचे मोठे साहस. पण वजीर फौज घेऊन दिल्लीला पोहोचण्याआधीच मर्जीतल्या जावेदखान या खोजाच्या सल्ल्याने बादशहाने लाहोर आणि मुलतान अब्दालीच्या वकिलाला देऊन टाकले होते. वजिराने बादशहाला विचारले नाही, बादशहाने वजिराला कळवले नाही. एका बाजूच्या दोन डोक्यांतच मसलत नसेल, तर मित्राचा वकील कितीही दक्ष असला तरी त्याचा उपयोग मर्यादितच. मराठ्यांच्या फौजेने ठरलेला पैसा मागितला तेव्हा तिला निजामाचा थोरला मुलगा गाजीउद्दीन याच्याबरोबर दख्खनेत पाठवून वेळ मारून नेण्यात आली. गाजीउद्दीन औरंगाबादेत विषप्रयोगाने मेला. त्याच वर्षीच्या भालकीच्या तहात त्याचा भाऊ निजाम सलाबतजंगाने गोदावरी-तापीमधला मुलूख, खानदेश आणि बागलाणसह, पेशव्यांना दिला. लाहोरसाठी केलेल्या कराराचे फळ असे नाशिकच्या शेजारी पदरात पडले. उत्तरेची हमी मात्र कागदावर जिवंत राहिली आणि नऊ वर्षांनी पानिपतावर तिची किंमत मोजावी लागली.

पुढच्या पिढीत रीत दोन्ही बाजूंनी चालू झाली. निजामाच्या हैदराबादेत गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते. १७८६ पासून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील, चार्ल्स मॅलेट पुण्यात संगमावर राहू लागला. जून १७९० मध्ये म्हैसूरच्या टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा पुण्यास ठरलेला तह हा या व्यवहाराचा सर्वांत पक्व नमुना म्हणावा लागेल. कोणी किती फौज द्यायची, जिंकलेल्या मुलखाची वाटणी कशी, आणि टिपूशी सलूख करायचा तर तो तिघांच्या संमतीने, हे सारे कलमवार बांधले होते. तरीही मे १७९१ मध्ये टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन जवळ येऊन ठेपल्याचे श्रीरंगपट्टणावर चालून गेलेला कंपनीचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याला कळले नाही. धान्य संपले म्हणून त्याने वेढ्याच्या तोफा निकामी केल्या, माघार घेतली आणि मग मराठ्यांची फौज रसदेसह समोर आली. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणाच्या तहात तिघांनी मिळून टिपूचे अर्धे राज्य आणि ३ कोटी ३० लाखांची खंडणी घेतली.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने ही चौकट वरून तशीच ठेवली आणि आतून उलटी केली. दुसऱ्या बाजीरावाने सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कबूल केला. कंपनीला आधी कळवून परस्पर विचार केल्याखेरीज कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, असे सतरावे कलम होते. शब्द ‘परस्पर’ होता, बंधन पेशव्यावर होते. १७१९ मध्ये मराठ्यांनी बादशहाला फौज देऊ केली तेव्हा ती फौज मराठ्यांच्याच हातात होती. आता फौज कंपनीची, खर्च पेशव्याचा आणि विचारायची परवानगीही कंपनीची.

जून १८१७ च्या पुणे तहाने शेवटचा धागा तोडला. मराठा मंडळाचे प्रमुखपद पेशव्याने सोडले. इतर सत्तांचे वकील पुण्यात राहणार नाहीत, आपलेही कुठे पाठवायचे नाहीत आणि सारा व्यवहार रेसिडेंटामार्फत व्हायचा, असे ठरले. वर्षभरात पेशवाई बुडाली आणि नाशिक, त्र्यंबक, मालेगाव इंग्रजांच्या हाती गेले.

हिंगणे घराणे निफाड तालुक्यात गोदाकाठच्या चांदोरी गावी नांदत होते. तिथला हिंगणे वाडा प्रसिद्ध आहे. घराण्याचे कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली ‘हिंगणे दफ्तर’ म्हणून छापले. दिल्लीत अर्धे आयुष्य घालवलेल्या नाशिककरांच्या या पत्रव्यवहारात लढायांच्या वर्णनांइतकीच हिशेब, हुंड्या आणि थकबाकीची बोलणीही भेटतात.