दोर ओढणाऱ्यांचे स्मारक

१८४९ साली नाताळच्या आदल्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्को हे फळ्या-तंबूंचे कोवळे गाव पेटले; जून १८५१ पर्यंत सहा मोठ्या आगी झाल्या. पगारी अग्निशामक कोठले? गावकरीच हातचा धंदा टाकून बंबाचा गाडा दोरांनी ओढीत चढण चढत. टेलिग्राफ टेकडीच्या वाटेवर असाच गाडा रखडला, तेव्हा शाळकरी लिली हिचकॉकने (पुढे कोइट) पुस्तके टाकून दोर धरला, असे सांगतात. १८६३ साली पथकाने तिला मानद सदस्यत्व दिले. १८६६ मध्ये पगारी दल आले. लिली १९२९ साली निवर्तली. तिने मागे ठेवलेल्या द्रव्यातून १९३३ साली टेकडीवर कोइट मनोरा आणि खाली वॉशिंग्टन चौकात, संत पेत्र व पौल यांच्या देवळासमोर, तीन स्वयंसेवकांचे शिल्प उभे राहिले. मनोरा जगप्रसिद्ध झाला. आम्हांस चौकातील शिल्पच अधिक जवळचे वाटते. त्यातील एकाच्या हातांवर वाचवलेली स्त्री आहे.