चर्मपूरण

चर्मपूरण (टॅक्सिडर्मी): मृत पृष्ठवंशी प्राण्याचे कातडे केस, पिसे वा खवल्यांसह सोलून, कमावून व कृत्रिम आकारावर चढवून त्यास सजीवाची ठेवण देण्याची कला. 'मांडणी' व 'त्वचा' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून सिद्ध झालेली ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच निसर्गवेत्ता ल्वी द्युफ्रेन याने रूढ केली. मराठी बोलीत याच क्रियेस 'पेंढा भरणे' म्हणतात. अखंड देह फॉर्मॅलिनमध्ये टिकविणे या संज्ञेत येत नाही.

कृती: उष्ण हवेत कुजण्याची क्रिया त्वरेने सुरू होत असल्याने, देहाची मापे घेऊन कातडे शक्य तितक्या लवकर सोलतात, चरबी खरवडून मीठ चोळतात व तुरटीसारख्या द्रव्यांनी कमावतात. ओठ आतून उकलून व कानांतील कूर्चा अलग करून तेथील मांसाचा कण न् कण काढावा लागतो. तो राहिल्यास कातडे सडून केस झडतात. पूर्वी आत पेंढा ठासत. आता स्नायूंचे उठाव कोरलेला, हलका फायबरग्लासचा साचा वापरतात. काचेचे डोळे बसविताना वाघाची बाहुली वाटोळी असते, घरमांजरासारखी उभी फट नव्हे, हे जाणणारा कारागीरच प्राण्याशी इमान राखतो.

प्रसार: विसाव्या शतकात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्यात संस्थानिक व साहेबांनी मारलेल्या हजारो वाघ-बिबट्यांची कातडी सजली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३), अर्थात लोकांचा 'अजब बंगला', येथे असे प्राणी पाहावयास मिळतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये वन्यप्राण्यांसाठी चर्मपूरण केंद्र सुरू झाले. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांचे कार्य त्यामागे आहे.

कायदा व चामोर्शी परिसर: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मृत वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, आणि परवान्यावाचून चर्मपूरणाचा व्यवसाय करता येत नाही. वैनगंगाकाठचा चामोर्शी तालुका १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. चपराळा अभयारण्य (१९८६) याच तालुक्यात येते. या मुलखात वाघ मृत आढळल्यास पंचनामा व शवविच्छेदन होऊन, कातडे, नखे, दात व मिशांसह संपूर्ण देह अधिकाऱ्यांसमक्ष जाळून नष्ट करण्याचा प्रघात आहे, कारण त्यांतील एकेका अवयवावर चोरट्या व्यापाराचा डोळा असतो. ही खबरदारी सर्वस्वी उचित होय. तथापि नैसर्गिक मृत्यू आलेल्या एखाद्या प्राण्याचे शासनाच्या इजाजतीने केलेले चर्मपूरण, ज्यांच्या रानात तो वावरला त्या गावांच्या मुलांना त्याची शरीररचना निर्धास्तपणे न्याहाळू देते, आणि या कलेचे खरे प्रयोजन दिवाणखान्याच्या शोभेहून या शिक्षणातच मानले पाहिजे.