बोटभर लोखंडाची गोष्ट

कैकेयीची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून नाहीतर कीर्तनात ऐकलेली आहे. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली, तेव्हा तिने तिथे आपले बोट घातले आणि चाक जागेवर राखले. पुढचे सगळे रामायण त्या दोन वरांतून निघाले. मला मात्र वर्गात ही गोष्ट सांगताना त्या खिळीचेच नवल वाटे. एवढा रथ, एवढे घोडे, आणि भरवसा बोटभर लोखंडावर!

बैलगाडीतही तीच युक्ती. शिवाय चाकाभोवती लोखंडी धाव. लोहार धाव लाल होईपर्यंत तापवी, ती फुगली की लाकडी चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. लोखंड आकसले की आरे, तुंबा सगळे आवळून धरले जाई. ही आवळ लक्षात ठेवा.

मोटारी आल्यावर शर्यतीत चाक झटपट बदलायची गरज पडली. इंग्लंडातल्या रज-व्हिटवर्थ कंपनीने मधोमध एकच मोठा नट असलेली तारांची चाके काढली. उजवीकडच्या नटाला उलटे आटे, म्हणजे गाडी पुढे धावताना नट सैल न होता आवळत जावा. 1924 साली बुगाटीने 'टाइप 35' या शर्यतीच्या गाडीला अॅल्युमिनियमची ओतीव चाके दिली. आजच्या अलॉय व्हीलचे हे पणजोबाच म्हणा ना. पण चाक बदलले तरी नट तो नटच. 1991 च्या पोर्तुगाल ग्रां प्रीत नायजेल मॅन्सेल आघाडीवर असताना टायर बदलले, मागचे उजवे चाक नीट आवळले गेले नाही, आणि पिट लेनमध्येच ते त्याला सोडून पळाले. त्या वर्षीचे विजेतेपद सेनाने नेले.

असो. हे सगळे आठवायचे कारण आमचा नातू. त्याच्याकडे चाकणला बनलेली जुनी पोलो आहे. तिला बाजारातली अलॉय बसवून कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची आहे. या गाडीच्या हबला बसणाऱ्या चाकाचे मधले भोक 57.1 मिमी. बाजारातल्या चाकांचे बहुधा मोठे असते, म्हणून नेमक्या मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही. कंपनीच्या बोल्टची बैठक गोलाकार, बाहेरच्या चाकांची बहुधा शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूत नुसता कडेला टेकतो आणि आवळ टिकत नाही.

कारण चाक बोल्टांवर लटकत नसतेच. बोल्ट ताणले जातात, चाक हबवर दाबून धरतात, आणि त्या घर्षणावर सगळे चालते. लोहाराच्या धावेचीच विद्या! म्हणून हबवरचा गंज घासून काढायचा. आट्यांना तेल लावायचे नाही (बैलगाडीचे वंगण इथे नको, तेलाने बोल्ट नको तितका ताणला जातो). समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क रेंचने, 120 न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. पान्यावर उभे राहून उड्या मारणे हा आवळायचा प्रकार नव्हे. ट्रॅकवर ब्रेक तापतात, तेव्हा पहिल्या फेऱ्यांनंतर गाडी निवू द्यायची आणि पुन्हा तपासायचे.

त्याने आणलेले बोल्ट मी हाताने फिरवून मोजायला लावले. 14 मिमी जाडीचा बोल्ट निदान तितकाच आत जावा, म्हणजे दीड मिमीच्या आट्याचे नऊ-साडेनऊ फेरे. याचे पाचच बसले. आता तो लांब बोल्ट शोधत फिरतो आहे, आणि गाडी जुन्याच चाकांवर उभी आहे.