अमेरिकेहून काय आणलं?

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारतात, "काय काय आणलंस?" चॉकलेटं वाटून झाली की फोटो दाखवायचे, फोटो संपले की विषयही संपतो. २०१७ च्या उन्हाळ्यात मीही फिलाडेल्फिया, बॉस्टन, न्यूयॉर्क करून आलो. उंच इमारती, भुयारी रेल्वे, रुंद फुटपाथ, सगळं पाहिलं. पण फिरताना डोक्यात सारखं एकच येत होतं. आपली माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरांत येऊन गेली. त्यांनी इथून काय नेलं?

फिलाडेल्फियात सगळे लिबर्टी बेल बघतात. मीही बघितली. पण मला ते शहर आनंदीबाई जोशींचं वाटलं. ११ मार्च १८८६ ला तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. परक्या देशातलं ते सभागृह आणि त्यात या दोन मराठी बायका! पुढे आनंदीबाई क्षयाने खंगून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

रमाबाई मात्र जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत शहरोशहरी भाषणं देत हिंडल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि त्यांच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते ११ मार्च १८८९ ला, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तकही आलं. त्यात तिथल्या बायकांच्या शिक्षणाचं, संस्थांचं भरभरून कौतुक आहे. पण काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही बाईंनी सोडलेली नाही. भारावून जाऊनही डोळे उघडे ठेवणं कठीण असतं, नाही का?

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात लो लायब्ररीची एक भली मोठी घुमटवाली इमारत आहे. तिच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून होतो. आज तिथे विद्यापीठाची कार्यालयं आहेत, पण १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर आले तेव्हा ग्रंथालय तिथेच होतं. ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. १९१६ च्या मे महिन्यात, पंचविशीत, त्यांनी तिथेच एका चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. वसतिगृहात, वर्गात, वाचनालयात सगळ्यांबरोबर बसायला मिळणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्यांना कळायचं नाही. ज्याला शाळेत वेगळं बसवलं होतं त्याला कळतं.

आता आमच्या गावाची गोष्ट. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर धावून आला. अखेर किल्ल्यात सोडलं ते सोबत एक हत्यारी शिपाई देऊन, आत कुठे यांचा पाण्याला हात लागू नये म्हणून! तोवर कोलंबियाची आणि लंडनची डॉक्टरेट झाली होती, बॅरिस्टरीही झाली होती. पाण्याजवळ त्याचा काही उपयोग नव्हता. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय.

पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच औरंगाबादेत, दौलताबादपासून तासाभराच्याही आत, १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढलं. मराठवाडा निजामाकडून सुटून दोनच वर्षं झाली होती, आणि इथलं विद्यापीठ यायला अजून आठ वर्षं होती. कॉलेजला नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. परिसराचं नाव नागसेनवन. म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकाच आवारात! १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना बोलावून सन्मानाची डॉक्टरेट दिली, तेव्हा इथे मिलिंदचे वर्ग भरत होते.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय. आम्ही नागसेनवनावरून लेणीकडे जाताना पाहुण्यांना हात दाखवून सांगतो, "हे मिलिंद कॉलेज." पाहुणे मान डोलावतात आणि गाडी पुढे जाते. यापुढे कुणाला न्यूयॉर्कचे फोटो दाखवायचे झाले, तर मी आधी इथे गाडी थांबवणार आहे.